कोरड्या खोलीचं माप

त्या गुरुवारी सकाळी लॅपटॉपच्या कडेला मनगट लागलं आणि कातडीखालून एक बारीक सळसळ गेली. चार्जर लावलेला होता, पाय अनवाणी होते, घणसोलीच्या माझ्या भाड्याच्या घरातली फरशी नुकतीच पुसलेली होती. सळसळ रोजचीच. आमच्या धंद्यात तिला नाव आहे, ती मोजायचं यंत्र आहे आणि किती असली तर चालते याची मर्यादा ठरलेली आहे. दोन पिनांच्या चार्जरमधून वीज अशी थोडीशी झिरपतेच, आणि चार्जर जितका मोठ्या ताकदीचा तितकी ती झिरप आवरणं कठीण. हे सगळं ठाऊक असल्यामुळे असेल, मी मनगट उचललं नाही. एखाद्या ओळखीच्या किड्याला अंगावरून चालू द्यावं तसं जरा वेळ राहू दिलं. त्या दिवसाची मला आठवणारी पहिली गोष्ट ही आहे. पुढे जे झालं त्याचा हिच्यात काही संकेत होता असं मी म्हणणार नाही. संकेत लोक मागाहून रचतात, आणि मागाहून रचलेल्या गोष्टींचा मला सध्या फार राग येतो.

महाप्याला मी ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथे चार्जर बाजारात येण्याआधी तपासले जातात. अलीकडे बहुतेक काम मोठ्या चार्जरांचं असतं. एका यूएसबीच्या तोंडातून लॅपटॉप चालावा, पंखा चालावा, दिवे पेटावेत इतकी ताकद पाहिजे आणि आकार मात्र खिशात मावेल एवढा. ताकद वाढली की उष्णता वाढते, म्हणून कवच धातूचं करतात. आकार लहान ठेवायचा म्हणून आतलं सगळं जवळजवळ आणतात. आत दोन किनारे असतात. एका किनाऱ्यावर भिंतीतून आलेली दोनशे तीस व्होल्टची वीज, दुसऱ्यावर फोनला जाणारी गरीब वीज आणि ते कवच. मधे एक रिकामी पट्टी, जिच्यावरून विजेला कधीही पलीकडे उतरता येऊ नये. ती पट्टी किती रुंद हवी याचं कोष्टक असतं. माणसाच्या अंगातून किती वीज गेली तर चालेल याचंही असतं, आणि ते तपासायला आमच्याकडे माणसाच्या जागी एक डबी आहे. दोन-तीन रेझिस्टर आणि कपॅसिटर जोडून केलेला माणूस. प्रयोगशाळेत सगळे तिला अण्णा म्हणतात. आज अण्णांना किती बसला, अण्णा जरा तापलेत का, असं दिवसभर चालतं. त्या गुरुवारीही चाललं. अण्णांनी एक नवा चार्जर पास केला आणि मी सही केली.

जेवणाच्या सुट्टीत आईचा फोन आला. आई आगरदांड्याला असायची, धक्क्याच्या मागच्या कोळीवाड्यात, आणि तिच्या आवाजामागे एकदम चार-पाच फोन वाजत होते. माझे बाबा तांडेल, म्हणजे होडी त्यांच्या हुकमाने चालते. होडी दुसऱ्या दिवशी सुटायची असली की खलाशी आपापले फोन, जाळ्यांवर बांधायचे दिवे, हातातला वायरलेस, सगळं आमच्या स्वयंपाकघरात आणून टाकायचे, कारण मोठा चार्जर आमच्याकडे होता. पूर्वी होडी सुटताना घरच्या बायका बर्फ, तांदूळ, पाण्याचे कॅन धक्क्यावर पोचवायच्या. आता त्यात भरलेल्या बॅटऱ्यांची टोपली वाढली आहे, आणि तीही बायकांनीच न्यायची हे कोणी न सांगता ठरून गेलं आहे. चार्जर बाबांनी हंगामाच्या सुरुवातीला मुरूडच्या दुकानातून आणला होता. तोंडं सहाच होती, तरी खलाशांनी त्याचं नाव रावण ठेवलं होतं. रावणाला लाव, रावणाचं काढ. आई सांगत होती की एका खलाशाच्या फोनवर ‘गॅस एजन्सी’ असं नाव उमटतं आणि उचलला की एक पोरगी बोलते. “मी सांगितला तिला, बाय, तो हितं न्हाय, निसता फोन हाय. तर मनते, जेवला का तेवडा इचारा.” आम्ही दोघी हसलो. मागून बाबांचा आवाज आला. त्यांची टोपी सापडत नव्हती. टोपीपाठोपाठ नेहमीचं वाक्यही आलं: “चूक कोनाची? नीराबाईची.” नीराबाई म्हणजे माझी आई. तीही नेहमीसारखी हसली, आणि बर्फाची गाडी आली, ठेवते, असं म्हणाली. बर्फाच्या गाडीशी संपलेलं हे बोलणं मी नंतर पुष्कळ वेळा उलटंसुलटं करून पाहिलं. त्यात काहीही नव्हतं. साधा दिवस असाच असतो, त्याला आपण शेवटचे आहोत हे माहीत नसतं.

शुक्रवारी दुपारी तुळशीकाकीचा फोन आला. काकी म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची बायको, आमच्या शेजारच्या दारात राहते. त्या वेळी आईच्या जवळपास ती एकटीच होती, आणि तिने सांगितलं तेवढंच मला खरं वाटतं, कारण तिने त्यात स्वतःचं काही घातलं नाही. भरती पूर्ण झाली होती. धक्क्यावरून होडीचा भोंगा वाजत होता. आई खलाशांच्या कालवणासाठी मांदेली साफ करत बसली होती. भोंगा ऐकून ती तशीच उठली, लुगड्याला हात पुसले आणि रावणाला लावलेले फोन काढायला गेली. वायर ओढायची तर दुसऱ्या हाताने कवच धरावं लागतं, एरवी सगळा चार्जरच वायरीबरोबर येतो. काकीला टोपली पडल्याचा आवाज आला. ती धावत आली, आधी भिंतीवरचं बटण बंद केलं आणि मग आईला हात लावला. तोवर संपलं होतं.

मी पोचले तेव्हा घरात माणसं दाटली होती आणि बाबा भिंतीला टेकून बसले होते. मला पाहून त्यांचा चेहरा मोडला, आणि मोडलेल्या चेहऱ्यानेच ते म्हणाले, “हात वले व्हते तिचे.” त्या क्षणी मला ते विव्हळण्यासारखं वाटलं. माणूस अशा वेळी काहीही बोलतो. पण दुसऱ्या दिवशी मच्छी सोसायटीचे लोक आले, त्यांनाही त्यांनी तेच सांगितलं. राजपुरीची आत्या आली, तिलाही. दिघीहून फेरीबोटीने जुने तांडेल आले, त्यांनाही. रडू कमी होत गेलं आणि वाक्याला पुढे शेपूट फुटलं: “हात वले व्हते तिचे. किती येला सांगला, वल्या हातानं करंटला हात लावू नको.” ऐकणारा मान हलवायचा. कोणी म्हणायचं, घाई नडली. कोणी म्हणायचं, बायका ऐकतात कुठं. एक जण, ज्याच्या लग्नात आईने दोन दिवस पाणी भरलं होतं, म्हणाला, नीराबाईचा स्वभावच तसा, सगळं धसमुसळं. आणि बाबांच्या चेहऱ्यावर प्रत्येक वेळी किंचित सैलपणा यायचा. दुखरा दात कोणीतरी दाबून धरल्यावर येतो तसा. मी चहाचे कप गोळा करत राहायचे. कोळीवाड्यात शिकून बाहेर गेलेली मुलगी अशा वेळी काय करते याकडे लोकांचं लक्ष असतं, आणि ती फार बोलली तर ते बरेच दिवस बोलतात.

आईचे हात कधी कोरडे होते, हे मी आठवून पाहत होते. पहाटे बर्फाच्या पाण्यात, सकाळी मासळीच्या पाण्यात, दुपारी बोंबील धुताना, संध्याकाळी जाळ्याची खारट दोरी ओढताना. शाळेत मला न्यायला आली तरी माझा हात तिच्या हातात गेल्यावर गार आणि ओला व्हायचा, आणि पेन धरलं की घसरायचं. बोटांच्या पेरांवर शिंगाळा माशाच्या काट्यांच्या खुणा होत्या. काही बुजलेल्या, काही तशाच उघड्या. मिठाने भेगा भरून येत नाहीत. तिच्या तळव्यांवरून कोणी हात फिरवला तर बारीक खडबड लागायची. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर, सुक्या धड कातडीने जेवढी वीज अडवावी तेवढी तिच्या हाताने अडवणं शक्यच नव्हतं. जखम, मीठ आणि पाणी या तिन्हींनी तिचा हात आधीच उघडा करून ठेवला होता. अण्णांना घाम येत नाही. अण्णांनी कधी मांदेली साफ केलेली नाही. बऱ्याच मर्यादांमागे जो माणूस धरलेला असतो तो छपराखाली, कोरड्या जमिनीवर, कोरड्या हाताने उभा असतो. ओल्या जागेसाठी मर्यादा खाली आणा असंही त्याच नियमांच्या पुस्तकांत लिहिलेलं आहे, पण ती पानं उघडावी लागू नयेत अशीच सगळ्यांची खटपट असते. आणि सगळ्यात जास्त चीड याची येत होती की बाबांचं वाक्य खोटं नव्हतं. हात कोरडे असते तर ती कदाचित वाचली असती. खरं वाक्य इतकं अन्यायी असू शकतं हे मला त्या घरात, कपबशा विसळताना कळलं, आणि विसळताना माझेही हात ओलेच होते.

त्या वाक्याचा आवाज मला ओळखीचा का वाटतो, हे लक्षात यायला दोन-तीन दिवस गेले. तो जुन्याच विनोदाचा आवाज होता. आमच्या घरात काहीही बिनसलं की बाबा विचारायचे, चूक कोणाची, आणि स्वतःच उत्तर द्यायचे. बर्फ उशिरा आला, नीराबाईची. इंजिनाचा पट्टा भर समुद्रात तुटला, नीराबाईची, तिनेच सकाळी समोरून मांजर जाऊ दिलं असेल. डोलीच्या जाळ्यात नुसता कचरा आला, नीराबाईने दर्याला नारळ वाकडा दिला. खलाशी हसायचे, मग तेच म्हणायला लागले. होडीवर नवीन आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी शिकवल्या जायच्या, गाठ मारायची आणि चूक कोणाची ते. वादळाच्या वर्षी आमचे पत्रे उडून खाडीत गेले तेव्हा अख्खा वाडा मोडून पडला होता, माणसं सुन्न बसली होती, आणि बाबा म्हणाले, नीराबाईनं दार नीट लावला नव्हता. सगळे हसले. त्या दिवसातलं पहिलं हसू ते. आई म्हणाली, “व्हय, वाऱ्याला मीच आवतन दिला.” त्यावर आणखी हसले. हा विनोद प्रेमाचा होता असं कोणी म्हटलं तर मी नाही म्हणणार नाही. बाबांना दुसरं काही बोलता येत नव्हतं. पण एकदा मी कॉलेजातून सुट्टीला आले होते. आई विळीवर बसली होती, घरात तिच्या मते कोणी नव्हतं, आणि विळीने तिचं बोट कापलं. रक्त पाहून ती स्वतःशीच, अगदी हळू आवाजात म्हणाली, चूक नीराबाईची. हसली नाही. बोट तोंडात धरलं आणि पुढचा मासा घेतला. मी दाराशी उभी होते. विनोद ऐकायला कोणी नसताना माणूस तो करतो, तेव्हा तो विनोद कुठवर आत गेलेला असतो, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला आणि मी तो इतकी वर्षं कुठेतरी ठेवून दिला. आता ती नाही आणि ते वाक्य आहे. जिवंतपणी थट्टा होती, मेल्यावर तोच निकाल झाला. लोक आले, बसले, माना हलवून गेले. उद्या कोणाच्या पोराने ओल्या हाताने बटण दाबलं की त्याला सांगतील, नीराबाईचं काय झालं ठाऊक आहे ना.

मीटरच्या फळीकडे मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. अशा घरात वीज जमिनीत गळू लागली की सगळा पुरवठा तोडणारा एक खटका असतो, ईएलसीबी. तो चालू असता तर आईने कवचाला हात लावताच पडला असता. आमचा डायरेक्ट केलेला होता. वायरमनने त्याला वळसा घालून तार जोडली होती, आणि हे काही गुपित नव्हतं. कोळीवाड्यात जवळजवळ सगळीकडे तसंच आहे. खाऱ्या हवेने भिंतीतल्या तारा वर्षातून आठ महिने ओलसर असतात, खटका दिवसातून दहादा पडतो, रात्रीतून फ्रिज बंद पडून मासळी फुकट जाते. दुरुस्त करायला कोणी येत नाही. मग माणसं पडणारा खटका काढून टाकतात. बाबांनीही तसंच केलं होतं. मी फळीकडे बघताना बाबा माझ्याकडे बघत होते, आणि आम्ही दोघांनीही नजर वळवली. चार्जर त्यांनी आणलेला, खटका त्यांनी काढवलेला. ओल्या हातांची गोष्ट सुटली तर पुढे कोणता दगड आपल्या अंगावर येईल, हे त्यांना बरोबर समजत होतं. म्हणून ते तिला इतक्या घट्ट धरून होते. हे समजूनही माझा राग कमी होत नव्हता. समजणं आणि राग या दोन गोष्टी एकाच चुलीवर शिजत नाहीत.

दहावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी चार्जर बनवणाऱ्या कंपनीतून रणदिवे नावाचे गृहस्थ आले. चाळिशीचे, मऊ बोलणारे. चपला अंगणातच काढल्या, खुर्ची पुढे केली तरी चटईवर बसले, आईच्या फोटोला हात जोडले. हे सगळं त्यांनी मनापासून केलं असावं, आणि तेच मला सोसवत नव्हतं. कोणी उर्मट माणूस आला असता तर सोपं गेलं असतं. मी काय काम करते याची त्यांनी चौकशी करून ठेवली होती. “मॅडम, तुम्ही तर आमच्याच लाइनमधल्या,” असं म्हणून ते माझ्याशी थोडं बाजूला सरकल्यासारखे बोलू लागले, जणू बाबा आणि काकी पेशंटचे नातेवाईक आणि आम्ही दोघं डॉक्टर. वीज निरीक्षकांनी चार्जर उघडला तेव्हाचा फोटो त्यांनी टॅबवर दाखवला. हिरवी पाटी, दोन किनारे आणि मधल्या पट्टीवर एक काळी रेघ, फांद्या फुटत गेलेली, अगदी एखाद्या वाळक्या खारफुटीसारखी. मी अशा रेघा पुष्कळ पाहिल्या आहेत. धूळ, ओल आणि मीठ बसत जातं, त्यावरून वीज आधी केसाएवढी वाट काढते, जाळत जाळत ती वाट रुंद करते, आणि एक दिवस अलीकडचा किनारा पलीकडच्याला मिळतो. मग कवचावर थेट भिंतीतली वीज येते. बाहेरून काहीच दिसत नाही. फोन चार्ज होतच असतात.

“डिझाइन लिमिटच्या आत आहे, मॅडम,” रणदिवे म्हणाले. “पट्टी पाच मिलिमीटर. टेबलमध्ये पाचच आहे. सर्टिफिकेट आहे. मीठ म्हणजे बाहेरून आलेलं कंटॅमिनेशन.”

ते खरंच बोलत होते. तपासणी आमच्याकडे झालेली नव्हती, पण आमच्याकडे आला असता तरी तो चार्जर पास झाला असता. कोष्टकात पाच आहे. फक्त त्या कोष्टकाला दोन ओळी आहेत. एक साध्या, स्वच्छ, घरातल्या हवेची, तिथे पाच. दुसरी जिथे घाण आणि ओल बसते त्या जागेची, तिथे आठ. कोणती ओळ धरायची हे वस्तू बनवणाऱ्याने वस्तू कुठे वापरायची म्हणून लिहिलंय त्यावर ठरतं. ‘फक्त कोरड्या बंदिस्त जागेत’ असं लिहिलं की पाच. तीन मिलिमीटर वाचतात, चार्जर लहान होतो, हातात धरायला छान वाटतो. अशा बैठकांना मी बसलेली आहे. तिथे तीन मिलिमीटर वाचले की लोक एकमेकांचं अभिनंदन करतात. आणि मीठ म्हणे बाहेरून आलं. कुठून आलं? आमच्या घरात मीठ नव्हतं असा कुठला दिवस होता? खिडकीच्या गजांवर मीठ, आरशावर मीठ, आईच्या भुवयांवर मीठ. आम्ही त्याच्या आत राहतो. त्या घरात बाहेरून काही आलं असेल तर ते पाच मिलिमीटर.

त्यांनी मग खटक्याचं विचारलं. ईएलसीबी होता का, चालू होता का. बाबांनी मान खाली घातली. मी सांगितलं, डायरेक्ट केलेला होता, वाड्यात सगळीकडे आहे, का आहे तेही सांगितलं. रणदिव्यांनी हळहळून मान हलवली, आणि मला त्या मान हलवण्यात या दहा दिवसांतल्या सगळ्या माना दिसल्या. बाबांना काहीतरी बाजू सावरावीशी वाटली असेल. ते उठले आणि फळीवरून चार्जरचं रिकामं खोकं घेऊन आले. “ह्ये बगा साहेब. दुकानात तीन परकारचे व्हते. ह्येच्यावर होडीचा चित्र हाय, मनून ह्यो घेतला. म्हटला, होडीवाल्यांसाठीच हाय.” खोक्यावर निळा समुद्र होता, होडी होती, होडीत हसणारा माणूस होता आणि त्याच्या हातात चार्जर. खोक्यात दुमडलेल्या पातळ कागदावर, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत, कोरडी बंदिस्त जागा होती. रणदिव्यांनी खोकं हातात घेतलं, क्षणभर पाहिलं आणि म्हणाले, चित्राचं मार्केटिंगवाले बघतात. बाबांना ते समजलं नाही. ते अजून अभिमानाने खोक्याकडे बोट दाखवून उभे होते. आपण नीट बघून वस्तू निवडली याचा त्या माणसापाशी उरलेला तो एकुलता एक पुरावा होता, आणि तो ज्याच्याविरुद्ध होता त्याच्याच हातात त्यांनी आदराने दिला होता. इतका वेळ राग कुठे ठेवावा ते सापडत नव्हतं. बाबांवर ठेवला तर ते मोडतील, आलेल्या लोकांवर ठेवला तर ते आपलेच, रणदिव्यांवर ठेवला तर तो माणूस पगारी. आता त्या खोक्यावरच्या हसऱ्या माणसाच्या हातांकडे मी बघत होते. समुद्रात उभा असून त्याचे हात कोरडे होते.

रणदिव्यांनी आपला फोन चटईच्या मधोमध ठेवला आणि रेकॉर्डिंग चालू केलं. म्हणाले, काका, फक्त फॉर्मॅलिटी. तुमच्याच शब्दांत सांगा त्या दिवशी काय झालं. कोणी तुमच्या तोंडात काही घालणार नाही. तुळशीकाकी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. बाबा मांडी बदलून ताठ बसले, होडीवर वायरलेसवर बोलायच्या आधी बसतात तसे, आणि घसा साफ केला. ते काय बोलणार हे मला ठाऊक होतं. दहा दिवस घोटून घोटून तयार केलेलं वाक्य त्यांच्या ओठांपाशी आलेलं होतं. ते एकदा त्या फोनमध्ये गेलं की पुण्याला जाईल, दिल्लीला जाईल, कुठल्यातरी बैठकीत वाजवलं जाईल, आणि नवऱ्याच्याच आवाजात ठरेल की ती तिच्या चुकीने गेली. पाच मिलिमीटर तसेच राहतील. पुढच्या खोक्यावर आणखी सुंदर समुद्र येईल.

“आमची मानूस,” बाबांनी सुरुवात केली, “तिचे हात...”

“बाबा, थांबा.”

आमच्या घरात तांडेलाला कोणी थांब म्हणत नाही. बाबा थांबले ते हुकूम मानून नव्हे, आवाज कोणाचा ते न कळल्यामुळे. मी चटईवर बसले आणि फोन माझ्याकडे ओढला. रणदिवे म्हणाले, मॅडम, तुमचं नंतर वेगळं घेऊ. मी म्हटलं, वेगळं नको, यातच येऊ दे.

“हात ओले होते,” मी फोनला म्हणाले. “मासळी साफ करणाऱ्या बाईचे हात ओले असतात. खोक्यावर होडी छापताना तुम्हाला ते ठाऊक होतं आणि पट्टी मोजताना ते तुम्ही विसरलात. आमच्या घरासाठी आठ मिलिमीटर लागतात. तुम्ही पाच दिलेत. खटका बंद होता, तेही लिहा. पण तो बंद असलेल्या घरांत तुम्ही समुद्राचं चित्र दाखवून हे विकता, ते त्याच्या वर लिहा. मी तुमच्याच लाइनमधली आहे. मी सांगते ते तांत्रिक आहे.”

रणदिव्यांचा हात फोनकडे आला आणि परत गेला. बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. मी आता पुढचं बोट त्यांच्याकडे करणार, अशी. खोकं परत त्यांच्या मांडीवर आलं होतं. एवढा मोठा माणूस, आणि पुन्हा भिंतीला टेकल्यावर किती लहान झाला होता. प्रयोगशाळेची भाषा तिथे संपली. त्यांच्याशी बोलायची माझ्याकडे एकच भाषा होती, आणि ती मी घणसोलीला गेल्यापासून फोनवर आईशीच बोलत आले होते.

“आयेची चूक नव्हती, बाबा,” मी म्हणाले. “हात वले व्हते तरी नव्हती. तुमच्यावर टाकाया मी उबी न्हाय ऱ्हायले. पन तिच्यावर नका टाकू. बरफ उशिरा आला तवा तिची चूक नव्हती. पट्टा तुटला तवा नव्हती. वादलानं पत्रे नेले तवा पन नव्हती. ती हसायची, मनून सगल्यांनी सगला तिच्या नावावर टाकला. तिची चूक कवाच नव्हती, बाबा. येक दिवस पन नव्हती.”